शेवटची पंगत

जत्रेच्या मटणाला पहिल्या पंगतीत बायका बसलेल्या बघून तातोबांनी पायताण काढून पोराच्या अंगावर भिरकावलं. पोरानं ते उचलून कडेला ठेवलं आणि आईच्या ताटात रस्सा वाढला.

“बायल्या,” तातोबा कडाडले, “बाप्यांच्या आधी बायका जेवणार? भावकीत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस.”

भावकीतले चौघे न जेवताच उठून गेले. तातोबाही गेले असते, पण घर त्यांचंच होतं. मग दारात बसून त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला पोराच्या नावानं शिव्या ऐकवल्या. दुपार कलली, पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा कुठं ते शेवटच्या पंगतीला येऊन बसले.

ताटात पाणी घालून वाढवलेला रस्सा आला. त्यांनी बोटं फिरवून बघितलं. एक हाड लागलं, फोड नाही. भाकरीही वातड झाली होती.

“बापाला हाडं वाढतोस?” त्यांनी ताट ढकललं.

त्यांच्या बायकोनं ते पुन्हा त्यांच्यापुढं सरकवलं.

“शेवटच्या पंगतीला एवढंच उरतंय,” ती म्हणाली. “गुमान खावा. मी चाळीस वर्सं खाल्लंय.”