तमसा असं करणार नाही

माइक हातात आला तशी सारिका उभी राहिली. घरून जुळवून आणलेला प्रश्न ऐनवेळी डोक्यातून पार पुसला गेला.

"तमसा असं करणार न्हाई, मॅडम," एवढंच ती म्हणाली.

एरवी तळेगावच्या कॉलेजात ती बोलताना शब्द जपून वापरायची. आज गावची, टाकव्याची बोली आपसूक तोंडातून निघाली. पण लेखिकेला भेटायला आलेल्या वाचकांनी भरलेल्या लोणावळ्याच्या त्या सभागृहात कुणी हसलं नाही. उलट मागच्या रांगांतून टाळ्या आल्या. सगळ्यांच्या मनातलंच ती बोलली होती.

'धुकेगड' कादंबरीचा पाचवा आणि शेवटचा भाग महिन्यापूर्वी आला आणि वाचकांत नुसता आगडोंब उसळला. तोवर त्यांचे दोन तट होते. राजकन्या ऋतंभरा आणि मेघवर्ण यांचं लग्न व्हावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेले एका बाजूला. दुसऱ्या बाजूला ऋतंभरा आणि नावाड्याची पोर तमसा यांच्या मैत्रीवर जीव टाकणारे. शेवटच्या भागात तमसानंच मेघवर्णाची लपायची जागा शत्रूला सांगितली. का, तर त्याच्यासोबत ऋतंभरा गड सोडून जाईल म्हणून. ऋतंभराला ते शेवटपर्यंत कळत नाही. ती तमसाच्याच गळ्यात पडून रडते आणि पुस्तक संपतं. दोन्ही तट मग लेखिकेवर तुटून पडले. कुणी पाचही भाग रद्दीत दिले, कुणी मोबाईलवर रडून दाखवलं.

सारिकाला मात्र ते स्वतःवर आल्यासारखं लागलं होतं. तमसाच्या नावानं तिनं आणि अश्लेषानं इन्स्टाग्रामवर पान चालवलं होतं. अश्लेषा तळेगावची, बँकेतल्या साहेबांची मुलगी. सारिका हौशीराम शेतकऱ्याची. बाकावर शेजारी बसल्या आणि एकमेकींच्याच झाल्या.

दोन वर्षांपूर्वी सारिकाचं स्वराजशी जमलं होतं. दर रविवारी दोघं बेडशाच्या लेण्यांवर जाऊन बसायची. एका रविवारी ती उतरत आली, तर पायऱ्यांच्या तळाशी तिचे वडील, आबा, उभे. ते ओरडले नाहीत, हात उचलला नाही. गाडीवर बस म्हणाले, आणि थेट टाकव्याला घेऊन आले. कॉलेजचं वर्ष गेलं, मोबाईल गेला. स्वराजच्या घरच्यांनी त्याला नाशकाला मामाकडे धाडलं, त्याचा पुन्हा निरोप आला नाही. आबांना कुणी सांगितलं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. चुलतभाऊ निलेश त्या बाजूला दूध घालायला जायचा, म्हणून सारिकानं त्यालाच धरलं. तो देवाशपथ नाही म्हणत राहिला. तेव्हापासून तिनं त्याला राखी बांधली नव्हती.

त्या वर्षात तिच्याकडे आली ती एकटी अश्लेषा. कामशेतपर्यंत रेल्वेनं आणि पुढे मिळेल त्या वाहनानं. येताना नोट्स आणायची, 'धुकेगड'चे भाग आणायची. आबांशी गोड बोलून पुढल्या वर्षीचा प्रवेशही तिनंच करवून घेतला. तिच्या मांडीवर डोकं ठेवून सारिका किती वेळा रडली असेल, गणती नाही.

आज मात्र अश्लेषाला इथं यायचं नव्हतं. आधी डोकं दुखतं म्हणाली, मग परीक्षेचं कारण काढलं. शेवटाबद्दलही ती महिनाभर धड काही बोलली नव्हती. सारिकानंच तिला हट्टानं ओढून आणलं आणि शेजारी बसवलं होतं.

टाळ्या थांबल्यावर ज्योत्स्नाताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मलाही तसंच वाटायचं," लेखिका म्हणाल्या. "पहिल्या खर्ड्यात तमसा शेवटपर्यंत इमानीच होती."

मग त्यांनी सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी तळेगावात वाचकांची भेट होती. सगळे पांगल्यावर एक मुलगी मागे राहिली. तमसाला चांगलीच ठेवा, म्हणून गळ घालू लागली आणि बोलता बोलता रडायलाच लागली. तिच्या मैत्रिणीचं एका मुलावर मन बसलं होतं. मैत्रीण आता आपली राहणार नाही या धास्तीनं हिनं मैत्रिणीच्या वडिलांना फोन केला होता. रविवारी लेण्यांच्या पायऱ्यांशी जाऊन उभे राहा, म्हणून.

"तिचा चेहरा आता आठवत नाही," ताई म्हणाल्या. "पण ती वाईट मुलगी नव्हती. मैत्रिणीवर तिचा फार जीव होता. तेव्हा मला तमसा कळली."

सारिका तशीच उभी होती. रविवारचं तिनं फक्त एकाच माणसाला सांगितलं होतं. तिला त्याच माणसाच्या मांडीवरचं आपलं रडणं आठवलं. डोक्यावरून फिरणारा हात आठवला. 'निलेशच असणार गं' असं सारिका म्हणायची, तेव्हा तो हात थांबायचा नाही. निलेशचा दुखावलेला चेहरा डोळ्यांपुढे आला. स्वराज गेला तेव्हाही पायाखालची जमीन इतकी सरकली नव्हती.

तिनं शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं नाही. स्वयंसेवक माइक घ्यायला आला, तर तिनं तो सोडला नाही.

"त्या मैत्रिणीला हे कळलं का?" तिनं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

ज्योत्स्नाताईंनी नकारार्थी मान हलवली. आपण त्या मुलीला सांगून टाक म्हटलं होतं, पुढे तिनं काय केलं ते आपल्याला ठाऊक नाही, असं त्या म्हणाल्या.

सारिकाच्या शेजारची खुर्ची करकरली. अश्लेषा उभी राहिली होती.

"आत्ता कळलं, मॅडम," ती म्हणाली.