श्रावणातली गणना

मनुबाईच्या शेतात पुरून विसरलेली बाटली न्यायला निनाद श्रावणात बोर्लीला आला, तेव्हा किड्यांनी काठोकाठ भरलेली ती बाटली तिने त्याच्या कपाळावर फोडली आणि कॉलर धरून त्याला बांधावरून आंब्याखाली फरफटत नेलं. मे महिन्यात, राबासाठी पालापाचोळा भाजून तिचं शेत काळं पडलेलं असताना, त्याने कीटकगणनेसाठी तिथे, किडे आत पडावेत म्हणून, उघड्या तोंडाच्या बाटल्या पुरल्या होत्या. “पावसात या सायेब, रान तवा जागं असतं,” तिने हात जोडून सांगितलं होतं. हे त्यालाही ठाऊक होतं, पण तिथे कारखाना काढणाऱ्या कंपनीला अहवाल घाईने हवा होता. त्याने ‘कीटक शून्य’ लिहिलं आणि जमीन निर्जीव ठरून कारखान्याला गेली. आंब्याच्या फांदीवर तांबड्या मुंग्यांचं घरटं होतं. मनुबाईने त्याचा उजवा हात पिरगाळून मनगटापर्यंत त्यात खुपसला. तो गुरासारखा ओरडला. त्याच्याच खिशातलं पेन तिने मुंग्यांनी लगडलेल्या बोटांत कोंबलं. “लिव आता, कीटक शून्य!”