पालोमाची तब्येत

बायकोला, एदिल्माला, मी थाप मारली, "पालोमाला बरं नाहीये. रानातल्या गोठ्यावर बसतो तिच्यापाशी." आणि तडक माझ्या गायक दोस्ताच्या, तोबियासच्या अंगणात, आंब्याखालच्या अकॉर्डियनच्या मैफलीला!

आमचे गायक गाता गाता मध्येच दोस्तांची नावं पुकारतात, आणि मैफल तर गावच्या रेडिओवर थेट ऐकू जाणार. म्हणून आधीच तोबियासला बजावलं, "दोस्ता, आज मला सांभाळ. घरी सांगितलंय, मी गाईजवळ आहे."

"काळजी सोड, नाफेर!"

आणि गाणं ऐन रंगात आल्यावर पठ्ठ्या माइकवर ओरडला, "सलाम माझ्या नाफेरला! बिचारा इथे नाहीये हो, रानात आजारी गाईच्या उशाशी बसलाय!"

मी त्याला मिठीच मारली. दोस्त असावा तर असा! मनसोक्त नाचलो, आणि संध्याकाळी बुटांना थोडं शेण फासून घ्यावं म्हणून गोठ्यावर गेलो.

गोठ्यात अर्धं गाव जमलेलं. जनावरांचा डॉक्टर पालोमाची जीभ बघत होता, पाद्रीबाबा तिच्यासाठी प्रार्थना करत होते आणि एदिल्मा सगळ्यांना कॉफी देत होती. मला बघताच तिने एक कप पुढे केला.


"या, या! तुम्हीपण रेडिओ ऐकूनच आलात वाटतं?"