घालू शकतील

ओडेट अरूडाचं पत्र येऊन पाच महिने झाले होते आणि ऑल्डन व्हिटकॉमने त्याला उत्तर दिलं नव्हतं. आत्ता ते त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. आणि ओडेट स्वतः समोर, तिसऱ्या रांगेत, मासळीच्या कारखान्यातले रबरी बूट न काढताच येऊन बसली होती.

नगरभवनाच्या तळघरात नागरिक आयोगाची शेवटची बैठक चालली होती. राजकारणातला पैसा आवरण्यासाठी अमेरिकेच्या राज्यघटनेत दुरुस्ती सुचवायची, हे आयोगाचं काम. सदस्य तेरा. पगार नाही, अधिकार नाही. पितळी नावपट्ट्या मात्र तेरा. दुपारच्या जेवणाला लॉबस्टरचे रोल होते. ते एका हितचिंतकाने पाठवले होते. अहवालाची छपाईही त्याच्याच खर्चाने झाली होती. त्याचं नाव कोणी विचारलं नव्हतं, कारण ते सगळ्यांना माहीत होतं.

"जनतेसाठी दोन मिनिटं," अध्यक्ष लँगली बोटं पुसत म्हणाले. "मिसेस अरूडा."

ओडेट उठली. तिच्या हातात दोन कागद होते.

"सप्टेंबरात तुम्ही मसुदा वाचून दाखवलात. त्यात होतं, निवडणुकीतल्या पैशावर संसद आणि राज्यं मर्यादा घालतील. छापून आलं त्यात आहे, मर्यादा घालू शकतील. हे 'शकतील' मधेच कुठून आलं?"

"भाषेची सफाई आहे ती," लँगली म्हणाले. "अर्थ तोच."

"माझा नवरा गेली अकरा वर्षं गळकं छप्पर दुरुस्त करू शकतो," ओडेट म्हणाली. "बादली अजून खालीच आहे."

मागे कोणीतरी हसलं. लँगलींनी घड्याळाकडे पाहिलं.

"हेच मी ऑक्टोबरात पत्र लिहून विचारलं होतं. उत्तर नाही."

लँगलींनी मान वळवली. टेबलाच्या टोकाला ऑल्डन बसला होता. तोही सदस्यच, पण चाळीस वर्षं गावचा ग्रंथपाल होता म्हणून आयोगाचं शुद्धलेखन त्याच्याकडे, आणि टपालही.

"ऑल्डन, असं काही पत्र आलं होतं का रे?"

ऑल्डनने आवक वही उघडली. ऑक्टोबरच्या पानावर काय नाही हे त्याला पाठ होतं, तरी तो वरपासून खालपर्यंत बोट फिरवत राहिला. खिशातलं तिच्या पत्राचं पाकीट बरगडीला टोचत होतं.

"नोंद नाही," तो म्हणाला.

ते खरं होतं.

"ऐकलंत ना बाई? आमच्याकडे प्रत्येक पत्राची नोंद होते. पुढच्या वेळी तिकीट लावून बघा."

आता बरेच जण हसले. ओडेटने दोन्ही कागदांची घडी घातली, ऑल्डनकडे पाहिलं आणि खाली बसली.

"अहवाल मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. एका हातात अर्धा रोल होता. लँगलींनी घाईघाईत मोजल्यासारखं केलं.

"विरोधात?"

ऑल्डनचा उजवा हात टेबलाखाली गुडघ्यावर होता. तो आधीही वर झाला नव्हता, आताही झाला नाही. पहिल्या वेळचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

"एकमत," लँगली म्हणाले. टाळ्या झाल्या. एका सदस्यबाईंनी डोळे टिपले आणि आपण इतिहास घडवला असं म्हणाल्या. मग उरलेले रोल कोणी घरी नेणार का, याची चौकशी झाली.

जाताना ओडेट ऑल्डनपाशी थांबली. तिने आवाज चढवला नाही.

"शिंपलासुद्धा उकळत्या पाण्यात तोंड उघडतो, मिस्टर व्हिटकॉम. जो उघडत नाही तो आम्ही खात नाही. आतून आधीच मेलेला असतो."

ऑल्डनचे ओठ हलले. तोवर ती जिन्यापर्यंत पोहोचली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने उत्तर लिहायला घेतलं. आधीचे चार मसुदे शब्दकोशात ठेवलेले होते, चारही 'आपल्या पत्राबद्दल आभारी आहे' याच्यापुढे अडलेले. पाचव्यात आभार नव्हते.

'तुमचं पत्र मिळालं होतं. नोंद मीच केली नाही. तो शब्द मी घातला. मला लँगलींनी सांगितलं, आणि लँगलींना सांगितलं ते रोल पाठवणाऱ्याच्या वकिलाने. हे पत्र तुम्ही कोणालाही दाखवू शकता.'

त्याने ते पुन्हा वाचलं. शेवटचे दोन शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'दाखवा.'

पाकीट त्याने घरासमोरच्या, रस्त्याकडेच्या आपल्या पत्र्याच्या टपालपेटीत ठेवलं आणि पेटीचा लाल झेंडा वर केला. झेंडा खाली असला की टपालवाली न थांबता पुढे जाते. बिजागर गंजलं होतं. झेंडा पडला. त्याने तो पुन्हा वर केला, पुन्हा पडला. पत्र काढून घ्यावं असं एकदा त्याच्या मनात आलं. पेटीचं झाकण त्याने उघडलंही. मग लावलं.

टपालगाडी यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तो बर्फाच्या चिखलात उभा होता, उजव्या हाताने झेंडा वर धरून.

"हात सोडा आता," टपालवाली गाडीतूनच म्हणाली. "घेतलं मी पत्र."