विहिरीत उतरलेलं औषध

प्राचीनं दोरीला बांधलेली बाटली विहिरीत सोडली, तेव्हा कलाबाई मोरीच्या दारात उभ्या होत्या. मोरीचं पाणी शोषखड्ड्यात जात होतं, आणि खड्डा विहिरीला अगदी लागून होता.

"काय शोधून राह्यली व पोरी? जंतू?"

"नाही मावशी, औषध. फिटच्या गोळ्यांचं." प्राची बुलढाण्याला कॉलेजात संशोधन करत होती आणि मोताळा तालुक्यातल्या विहिरी तपासत फिरत होती. "गोळी खाल्ली की थोडं औषध लघवीवाटे बाहेर पडतं. मातीत मुरतं, पण लवकर नासत नाही. पाण्यात विरघळलेलं मीठ दिसतं का? पण असतंच की नाही?"

कलाबाईंनी वळून मोरीकडे पाहिलं.

त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, देवानंदला, लहानपणापासून फिट यायच्या. गोळ्यांनी त्या आटोक्यात होत्या. लग्न जमवताना कलाबाईंनी ही गोष्ट दडवली होती. रोज चहासोबत त्या त्याला गोळी द्यायच्या. सून बघतेय असं दिसलं, की म्हणायच्या, "ताकदीची हाय."

सून समता गुणाची होती. जागरण नाही, उलट उत्तर नाही. पाण्याला जाताना मात्र सासूपाशी हटून बसायची. "मामी, तुमीबी चला न. मले विहिरीवर एकटीले नका धाडू."

"लय जीव लावते मले," कलाबाई शेजारच्या तानुबाईंना कौतुकानं सांगायच्या.

"जीव कायचा? अर्धी घागर तुमच्या डोक्यावर देते ते!" तानुबाई हसायच्या.

असली सून माहेरी निघून गेली तर?

"पुढच्या महिन्यात पुन्हा पाणी नेईन, मावशी," असं सांगून प्राची गेली. कलाबाईंनी मनाशी ठरवलं, तोवर गोळी बंद. पाणी आपोआप निवळेल.

"काऊन व आये?" देवानंदनं विचारलं.

"थोडे दिवस राहू दे. आता कुठं येते तुले काही?"

तो आईच्या शब्दाबाहेर नव्हता.

प्राची परत आली, त्या सकाळी देवानंदच्या हाताला एकदम झटका आला आणि कप पडून फुटला. कलाबाई तुकडे उचलतच होत्या. समता आत चहा करत होती.

"मावशी, तुमच्या विहिरीत औषध सापडलं. अगदी थोडं आहे, घाबरू नका. शोषखड्डा लांब हलवावा लागेल. पण घरात कोणी गोळी घेत असेल, तर ती एकाएकी बंद करू नका. जोराची फिट येते. माणूस दगावतोसुद्धा."

"आमच्यात कोनी नाही घेत," कलाबाई म्हणाल्या.

बाहेर विहिरीवरचा रहाट कुरकुरत होता. देवानंद पाणी काढत होता. कुरकुर मध्येच थांबली.

"देवा! मांगं सर!" कलाबाई किंचाळत धावल्या.

देवानंद दोर सोडून वळला. "काय झालं व आये? गाठ सोडून राह्यलो होतो."

कलाबाईंनी त्याचा दंड धरून त्याला विहिरीपासून मागं ओढलं. प्राची मागोमाग आली. तिच्यामागं समता, हातात चहाचा ट्रे.

"माह्या देवाले फिट येते," कलाबाई म्हणाल्या. "मी लपवलं, समता. आता गोळीबी मीच बंद केली. तुले जायचं तर जाय बाई. पन माह्या लेकराले वाचू दे."



"आजच डॉक्टरांकडे न्या त्यांना," प्राची म्हणाली. "गोळी कोणती आहे?"

कलाबाईंनी कमरेच्या पिशवीतून पाकीट काढून दिलं. प्राचीनं नाव वाचलं.

"हे एक झालं. आणि दुसरी?"

"दुसरी कोनती? एकच तं गोळी हाय त्याची."

"पाण्यात दोन औषधं निघालीत, मावशी. वेगवेगळी. दोन्ही फिटचीच."

समतानं ट्रे हळूच विहिरीच्या ओट्यावर ठेवला.

"म्हनून तं म्हनत होती न मामी," ती म्हणाली, "मले विहिरीवर एकटीले नका धाडू."