नाजिमाचा फॉर्म

निवृत्तीच्या दिवशी देशमाने सर कपाट रिकामं करत होते. तीस वर्षं कॉलेजच्या पोरींना बास्केटबॉल शिकवला, आता शिट्टी तेवढी घरी न्यायची. "आता घरी शिट्टी वाजवून काकूंना पळायला लावणार का सर?" मदतीला आलेल्या नाजिमाने टोमणा मारला. ती वीस वर्षांपूर्वीची त्यांची सगळ्यात चपळ खेळाडू. तेवढ्यात फाइलीतून विद्यापीठ संघाच्या निवडीचा फॉर्म घसरला. त्यावर तिचाच फोटो. "हा पाठवलाच नाही? मला वाटलं, मीच कमी पडले. बॉलला परत हात नाही लावला मी." सरांची मान खाली गेली. "निवडीसाठी तुला आठ दिवस बाहेरगावी जावं लागणार होतं. तुझे अब्बा कुठले पाठवतात, असं मीच ठरवून टाकलं." "एकदा विचारायचं तरी! मंडईतला गाळा बंद ठेवून अब्बा माझ्यासाठी बूट शोधत फिरले होते, सर." सरांनी गळ्यातली शिट्टी काढली, रिकाम्या कपाटात ठेवली आणि दार लावलं.