बेनमाजी

गल्लीत अब्बांचा आवाज चढला, तसा तबरेजने पंखा पाचवर नेला. उपयोग काय? अब्बांनी, म्हणजे अब्दुल्लांनी, तीस वर्षं मोरा बंदरावर लाँचची तिकिटं फाडली होती. इंजिनाच्या धडधडीला पुरून उरलेला तो आवाज, पंख्याला कुठला जुमानतोय!

"साडेसहा फूट वाढलाय, पन अल्लापुढं वाकायला कंबर नाय!" अब्बा मशिदीच्या पायरीवरून ओरडत होते. "कंपनीच्या टीममदी काय गेला, बेनमाजी झाला माजा पोर!"

जुम्म्याची, शुक्रवारची नमाज नुकतीच सुटली होती. चपला शोधणारी माणसं गालात हसत होती. खिडकीच्या फटीतून तबरेजला त्यांच्यात बास्केटबॉल खेळणारा जुनैदही दिसला. तबरेजने खिडकी लावून घेतली. दाराला आतून कडी होतीच. त्याचीही नमाज आताच झाली होती. खुर्चीवर बसून, कारण उजवा गुडघा दुमडत नव्हता.

गोष्ट साधी होती, आणि शुद्ध मूर्खपणाची होती. तबरेज बेलापूरच्या एका कंपनीच्या बास्केटबॉल टीममध्ये कंत्राटावर खेळायचा. मार्चअखेर कंत्राट संपलं, नवं व्हायचं होतं. "मधल्या दिवसांत बॉलला हात लावायचा नाही," मॅनेजर सुधीर सरांनी बजावलं होतं. "पडलास तर तू आमचा नाहीस, सांगून ठेवतो." आणि हा शहाणा जासईला शाळेच्या नव्या कोर्टाचं उद्घाटन म्हणून दहा मिनिटं खेळायला गेला. लोकांचा आग्रह मोडवेना. एक उडी मारली, आणि उतरताना गुडघ्यात कट्कन आवाज झाला. डॉक्टर म्हणाले, तीन महिने गुडघा टेकायचा नाही, मांडी घालायची नाही. सीझनपर्यंत ठणठणीत होशील.

सीझन लांब होता हो, पण सही व्हायची होती. "पुढच्या आठवड्यात बघू," असं सुधीर सर दर आठवड्याला म्हणायचे. न लंगडता चालणं तबरेजने कसंबसं जमवलं होतं. नमाजेचं काय करणार? तिथे गुडघे टेकावे लागतात, कपाळ जमिनीला लावावं लागतं. मशिदीत मागच्या बाजूला खुर्च्या असतात, पण त्या गुडघे गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी. तिथे अठ्ठावीस वर्षांचा खेळाडू जाऊन बसला तर? जुनैद त्याच मशिदीत यायचा आणि टीममधल्या तबरेजच्याच जागेवर डोळा ठेवून होता. संध्याकाळच्या आत सुधीर सरांना फोन गेला असता. म्हणून तबरेजने मशिदीत जाणंच सोडलं.

अब्बांना सांगावं असं कितीदा त्याच्या ओठांवर आलं. पण अब्बांच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्यांना सांगणं म्हणजे बंदरावर भोंगा लावणं. सही झाली की पहिल्याच जुम्म्याला त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि सगळं सांगून माफी मागायची, असं त्याने ठरवलं होतं. तोवर शिव्या खायच्या. नवल म्हणजे घरात अब्बा हा विषय काढत नसत. जेवताना सुरमईचा मधला तुकडा त्याच्या ताटात सरकवायचे, "खा" म्हणायचे आणि गप्प व्हायचे. आपल्याशी बोलणंही आता त्यांना नकोसं झालंय, असं तबरेजला वाटायचं. त्याला फार लागायचं ते.

बुधवारी पहाटे अब्बा नमाजेआधी हातपाय धुवायला, वजू करायला उठले आणि नळापाशीच कोसळले. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

सकाळी दहाला कब्रस्तानाच्या मैदानात माणसं ओळीने उभी राहिली. पहिल्या ओळीत तबरेज होता. जनाज्याच्या नमाजेत वाकायचं नसतं, टेकायचं नसतं, ती उभ्याउभ्याच होते. दोन महिन्यांनी तो सगळ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला, आणि कोणाला काही कळलं नाही. तो हमसून हमसून रडला.

मग कबरीत उतरायची वेळ आली. मुलाने खाली उतरून, गुडघे टेकून, बापाला हातांवर घ्यायचं असतं. सगळे तबरेजकडे बघत होते. दोन पावलांवर जुनैद उभा होता, त्याच्या मागे बेलापूरहून आलेले सुधीर सर. तबरेज जागचा हलला नाही. शेवटी चुलतभाऊ उतरला.

"बापाला मातीत ठेवायला पन नाय," मागून कोणीतरी म्हणालं.

तबरेजने ऐकून घेतलं. खोटं काय होतं त्यात?

निघताना सुधीर सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "सावर स्वतःला. सोमवारी ऑफिसला ये. कागद आलाय, सही करून टाकू." तबरेजने मान हलवली. या एका वाक्यासाठी त्याने दोन महिने काढले होते.

माणसं पांगली. मौलाना तेवढे थांबले होते. ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुझे अब्बा माझ्याकडे येऊन गेले होते. पहिल्याच आठवड्यात. म्हणाले, खिडकीतून पाहिलं, पोरगा खुर्चीवर बसून नमाज पढतोय, गुडघा गेलाय त्याचा. मशिदीत का येत नाही म्हणून लोक खोदून विचारतील. त्यांनी विचारायच्या आधी मीच त्याला बेनमाजी म्हणून मोकळा होतो."

तबरेजने वळून कबरीवरच्या ओल्या मातीकडे पाहिलं.

"मी म्हटलं, अब्दुल्लाभाई, नमाजी पोरावर असा आळ घ्याल तर अल्लाच्या दरबारी गुनाह लागेल तुम्हाला."

"मग?"

"म्हणाले, लागू दे. आधी त्याची सही होऊ दे."